क्षेत्र आणि सहल

रत्नागिरीस हवापालटासाठी गेलेला मनुष्य सकाळी भाट्याच्या वाळूत अनवाणी हिंडतो, दुपारच्या उन्हात ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजासाठी इंग्रज सरकारने १९१० साली बांधलेल्या राजवाड्यात सावलीला म्हणून शिरतो, उन्हे कलली म्हणजे रत्नदुर्गावर चढून भगवतीचे दर्शन घेतो आणि त्याच तटावरून सूर्य समुद्रात उतरताना पाहतो. आणि एवढ्या एका दिवसात मौज किती झाली व संस्कृती किती पदरी पडली, याचा जमाखर्च त्याच्याकडे कोणी मागत नाही, आणि तो मांडावा असे त्यालाही कधी वाटत नाही. नाशिकचे तसे नाही. डोंगर, नदी, धरण, लेणी, देवळे आणि वाडे यांची इतकी दाट वस्ती महाराष्ट्रातील दुसऱ्या एखाद्या शहराभोवती क्वचितच असेल. परंतु येथे येणाऱ्याला आपण यात्रेकरू आहोत की डोंगर चढणारे आहोत, हे घरून निघतानाच ठरवावे लागते. यात्रेकरू रामकुंड, काळाराम व सीतागुंफा उरकून त्र्यंबकची मोटार गाठतो. डोंगर चढणारा पहाटे शहराच्या बाहेरूनच हरिहरकडे किंवा अंजनेरीकडे वळतो आणि संध्याकाळी, येथील एकही कोरीव अक्षर न वाचता, मिसळ खाऊन परत जातो. द्राक्षमळ्यांत मद्याचा आस्वाद घेण्यासाठी येणारा तिसरा एक वर्ग अलीकडे निर्माण झाला आहे. परंतु तो प्रस्तुत वादात पक्षकार नसल्यामुळे त्याची कैफियत येथे घेतलेली नाही.

हा वाद झाला तो माझ्या शेजारच्या वाड्याच्या ओसरीवर. मामा जन्मभर कलेक्टर कचेरीच्या महसूल शाखेत नोकरी करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांची भाची रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणारी. नाताळच्या सुटीत तिच्या सासरची मंडळी, म्हणजे सासू-सासरे, दीर-जाऊ आणि मुले, नाशिक पाहण्यास यावयाची होती, आणि मामांनी त्यांच्यासाठी समासात क्रमांक घातलेले व प्रत्येक स्थळापुढे वेळ नमूद केलेले एक टिपण आधीच तयार करून ठेवले होते.

“मामा, हा सहलीचा बेत आहे की जमाबंदीचा तक्ता?” टिपण वाचून होताच भाची म्हणाली. “सकाळी सात ते रात्री आठ, आणि जवळजवळ सगळे छपराखाली. आमच्या घरची मुले रोज समुद्र पाहून उठणारी आहेत. त्यांना मी डोंगर दाखवायला आणते आहे, आणि तुम्ही त्यांना एका गाभाऱ्यातून दुसऱ्या गाभाऱ्यात पोचविण्याची तजवीज केलीत. ब्रह्मगिरी कुठे आहे यात? रामशेज कुठे आहे?”

“ब्रह्मगिरी त्र्यंबकेश्वराच्या आवारातून दिसतो,” मामा शांतपणे म्हणाले. “शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद आहे.”

“डोंगर दिसणे आणि डोंगर चढणे यांत काही अंतर असते, मामा.”

“असते, आणि म्हणूनच ती दोन वेगळी कामे आहेत. हे बघ, एकाच कागदावर दोन कामांची दरखास्त केली की दोन्ही नामंजूर होतात, हे मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे. डोंगर चढून दमलेला मनुष्य खाली येऊन देवळात शिरतो तेव्हा त्याचे लक्ष मूर्तीकडे नसते, बसायला पायरी कोठे आहे इकडे असते. आणि ज्याच्या डोळ्यांपुढे सारखे शिल्प नाचते आहे, त्याला वाटेतले फूल दिसत नाही. मन एका वेळी एकाच वस्तूला वाहिलेले असावे. काळारामाच्या पूर्व दरवाजाशी तुझ्या मुलांना मी घेऊन जाणार आहे, कारण २ मार्च १९३० या दिवशी डॉक्टर आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहास प्रारंभ झाला तेव्हा या देवळाचे दरवाजे बंद करण्यात आले होते, आणि दादासाहेब गायकवाडांनी पुढे तो लढा वर्षानुवर्षे चालविला. त्या दरवाजाशी उभे राहावयाचे ते घामाघूम होऊन, पाठीवर पिशव्या घेऊन आणि ‘आता पुढे कोठे’ असे विचारीत नव्हे.”

मामांच्या म्हणण्यात वजन होते, हे मान्य केले पाहिजे. स्थळ पाहणे आणि स्थळी जाऊन येणे या दोहोंत भेद आहे, आणि आजकालची बहुतेक मंडळी दुसऱ्या प्रकाराने पहिल्याची पावती घेतात. परंतु भाची वादात सहजासहजी हार जाणारी नव्हे.

“दरवाजाचे म्हणाल तर आमच्या रत्नागिरीलाही तसा एक दरवाजा आहे,” ती म्हणाली. “भागोजीशेठ कीरांनी बांधलेले आणि १९३१ साली सर्व जातींना खुले झालेले पतितपावन मंदिर. सावरकर तुमच्या भगूरचे, पण त्यांची ती चळवळ आमच्या गावात झाली. काळारामाचे दरवाजे बंद होते त्याच काळात तिकडे एक देऊळ सर्वांना उघडे करून बांधले जात होते, हे मुलांना सांगण्यासारखे आहे आणि मी सांगणारही आहे. पण त्या देवळात कोण येते, हे मी रोज पाहते. समुद्रावर आलेली माणसे येतात. वाळूत खेळून झालेले असते, जेवणाला अवकाश असतो, कोणीतरी म्हणते, चला, जवळच आहे. ती आत येतात, भिंतीवरचे वाचतात, आणि त्यांच्यातला एखादा बराच वेळ तिथेच रेंगाळतो. सहलीने आणले नसते तर तो आला असता का? केवळ इतिहास पाहण्यासाठी घर सोडणारे किती असतात, मामा? आणि काळारामाचेच घ्या. त्या देवळाचा काळा दगड रामशेजच्या डोंगरातून आणला असे तुम्हीच मला लहानपणी सांगितले होते. देऊळ नीट पाहायचे तर त्याचा दगड ज्या डोंगरातून आला तो डोंगरही चढला पाहिजे. मोगलांना पाच-सहा वर्षे दाद न देणारा तो किल्ला शहरापासून चौदा-पंधरा किलोमीटरांवर उभा आहे, आणि काळारामाला रोज जाणाऱ्यांपैकी किती नाशिककर आयुष्यात एकदा तरी तिथे गेले आहेत?”

मामा स्वतः रामशेजवर गेलेले नाहीत हे मला ठाऊक होते. म्हणून मी चहाकडे लक्ष दिले.

“आणि मौज व भक्ती असे दोन रकाने आपल्या लोकांनी कधी पाडले होते?” भाचीला आता उत्साह चढला होता. “श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. रविवारी रात्रीपासूनच माणसे कुशावर्तात स्नान करून निघतात आणि पावसाचिखलातून सुमारे वीस किलोमीटर पायी चालतात. मोठी फेरी घेणारे त्याच्या दुप्पट. त्या चालण्यात नामस्मरण असते, गाणी असतात, थट्टामस्करी असते, वाटेवर कोणी चहा वाटत असतो, आणि भातखाचरांवर उजाडते तेव्हाचा देखावा पाहायला कोणाला मनाई नसते. त्यातले व्रत किती आणि सहल किती, हे तुम्ही मला मोजून द्या. निवृत्तिनाथांची कथा तर तुम्हाला माहीत आहेच. आईवडिलांबरोबर हीच प्रदक्षिणा करताना वाघ आडवा आला, पळापळ झाली, आणि चुकलेला तो मुलगा गहिनीनाथांच्या गुहेत शिरला, अशी परंपरा आहे. म्हणजे वारकरी संप्रदायाची एक मोठी गुरुपरंपरा डोंगरात वाट चुकण्यातून सुरू झाली! आमच्याकडे गणपतीपुळ्याला काय आहे? डोंगरालाच गणपती मानतात, आणि समुद्राच्या कडेने त्या डोंगराला प्रदक्षिणा घालतात. देव, डोंगर, समुद्र आणि पाय एकाच कामात. तिथून थोडे पुढे गेले की मालगुंडला केशवसुतांचे स्मारक. असा एक दिवस कोणी आखून दिलेला नाही. त्या जागांनीच तो तसा मांडून ठेवला आहे.”

“फेरी हे व्रत आहे,” मामा म्हणाले. “त्यात कोणी मौज करीत असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न.”

“मग रहाड काय आहे?”

येथे मामांच्या मुद्रेवर जे उमटले त्याचे कारण परगावच्या वाचकास सांगितले पाहिजे. जुन्या नाशिकात पेशवेकाळापासून चालत आलेले काही हौद आहेत; त्यांना रहाड म्हणतात. पुरुषभर उंचीहून खोल असे हे दगडी हौद वर्षभर लाकडी फळ्या व माती घालून बुजविलेले असतात, त्यांच्यावरून माणसांची व वाहनांची वर्दळ चालते, आणि खाली काय आहे याची नवख्याला कल्पनाही येत नाही. रंगपंचमी जवळ आली की तालमीची आणि पेठेची मंडळी त्या उकरतात, फुलापानांचा रंग उकळून त्यांत सोडतात, प्रत्येक रहाडीचा रंग निराळा ठेवण्याची वहिवाट पाळतात, आणि मग सबंध दिवस तरुण मंडळी काठावरून त्यांत उडी घेतात. या उडीस ‘धप्पा’ म्हणतात. जो जितके पाणी बाहेर उडवील तितका त्याचा लौकिक. मामा तरुणपणी तिवंधा चौकातील रहाडीत धप्पा मारण्यात प्रख्यात होते, ही गोष्ट त्यांच्या पेठेतील वृद्ध मंडळी अद्याप सांगतात.

“तिवंध्याच्या रहाडीत तुम्ही उडी घेत होता तेव्हा तुम्ही कोणत्या रकान्यात होता, मामा?” भाचीने विचारले. “यात्रेकरूंच्या की मौज करणाऱ्यांच्या?”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. आणि मग त्यांनी जे उत्तर दिले ते या सबंध वादातील सर्वांत चांगले उत्तर होते असे मला वाटते. ते म्हणाले, “आधी रहाडीची पूजा होते, आणि मग उडी. त्या क्रमात कोणी फरक केलेला मी पाहिला नाही. मौज करू नये असे मी म्हणतच नाही. पूजेच्या आधी उडी घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे.”

त्यानंतर काही काळ दोघेही शांत होते. मी मध्येच त्रिरश्मीचा विषय काढला, कारण त्या ठिकाणी या दोघांचे जमेल अशी माझी अटकळ होती. पांडवलेणी या नावाने लोक ज्यांना ओळखतात ती चोवीस बौद्ध लेणी शहरापासून सात-आठ किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला, त्रिरश्मी डोंगराच्या मध्यावर कोरलेली आहेत, आणि तेथे जावयाचे तर पायऱ्या चढून गेल्यावाचून गत्यंतर नाही.

त्रिरश्मीचे नाव निघताच मामा ओसरीवर सरसावून बसले. मूर्तीपेक्षा दस्तऐवज त्यांना अधिक प्रिय आहेत, आणि त्यांच्या मते महाराष्ट्रातील महसूल दप्तराचा आरंभ या डोंगरावर होतो. “दहाव्या क्रमांकाचे लेणे,” ते म्हणाले, “नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने कोरविले. त्याने गोवर्धनच्या, म्हणजे आपल्या या परिसरातल्या, विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापणे कायमची ठेव ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. अट अशी की मुद्दलास हात लावावयाचा नाही, व्याज तेवढे खर्चावयाचे. आणि वर्षावासात त्या लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे द्यावयाची. आता हिशेब कर. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. एका कवडीचाही फरक नाही! आणि हे सगळे निगमसभेत वाचून दाखविले व दप्तरी नोंदविले, असेही तेथेच खोदून ठेवले आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वीची मंजुरी आहे ही. माझ्या कारकिर्दीत इतका स्वच्छ मसुदा माझ्या टेबलावर आला नाही.”

“त्याच उषवदाताने आणखी काय केले तेही सांगा,” भाची म्हणाली. आणि मामा सांगतील याची वाट न पाहता तिनेच सांगितले. भडोच, दशपुर, गोवर्धन आणि सोपारा या चार ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. विहिरी खोदल्या, बागा लावल्या. आणि नानंगोल गावची बत्तीस हजार नारळाची झाडे दान केली. “बत्तीस हजार माड, मामा! घाटावरच्या या रुक्ष डोंगरात, जिथे एक माड उभा करायचा तर मजूर लावून पाणी घालावे लागेल, तिथे दगडावर बत्तीस हजार माडांचे दानपत्र! मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला आपल्या घरच्या आवारात आल्यासारखे वाटले होते. सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल आणि माणूस थळ घाटाने वर चढून इथे येत होता, इथून पैठणला आणि तेरला जात होता. लेणी वाटेवर आहेत. वाट चालणाऱ्यांच्या पैशातून झालेली आहेत. त्यांच्या शेजारीच नावेची आणि धर्मशाळेची नोंद आहे. चालणे, नदी ओलांडणे, मुक्काम करणे आणि धर्म हे सगळे ज्या माणसाने एका लेखात खोदविले, त्याच्या लेण्याला तुम्ही सकाळी अकरा ते साडेअकरा असा वेळ दिलात!”

“तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यालाही त्याच अर्ध्या तासात बसविले आहे,” मामा किंचित ओशाळून म्हणाले. “गौतमी बलश्रीचे लेणे. पुलुमावी राजाच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षीचा लेख. आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्राच्या, घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले होते असे त्या मातेने तेथे नोंदविले आहे.”

“आणि त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा, वंश निर्मूळ केला, असेही.”

“केला. त्याचा पुरावा नुसता दगडावर नाही, चांदीवर आहे. गोदेकाठच्या जोगलटेंभीला १९०६ साली नाण्यांचे घबाड सापडले. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची. आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. राज्य घेतले म्हणजे खजिन्याची रुजवात अशी करावी लागते. अंजनेरीच्या पायथ्याशी मुद्राशास्त्राची संशोधनसंस्था आहे. तेथले नाण्यांचे संग्रहालय मी या टिपणात घेतले आहे ते उगीच नव्हे. आधी कार्षापणाचा लेख वाचावा, आणि मग जुने नाणे पाहावे.” मग क्षणभर थांबून ते उदारपणे म्हणाले, “बरे, अंजनेरीपर्यंत जाणारच आहात तर मुलांना वरही घेऊन जा. माझी हरकत नाही. वर मोटारीने जाण्याचा रस्ता करण्याची योजना मध्यंतरी निघाली होती. तो झाला असता तर तुझ्या सासऱ्यांनाही हनुमंताचे जन्मस्थान सुखाने पाहता आले असते.”

मला वाटले की वाद मिटला. प्रत्यक्षात तो तेथूनच खरा पेटला, आणि तोही उलट दिशेने.

“रस्ता?” भाची म्हणाली, आणि तिच्या आवाजातील मार्दव एकदम नाहीसे झाले. “मामा, त्या रस्त्याला नाशिकच्या निसर्गप्रेमींनी विरोध केला, तो तुमच्यासारख्यांच्या सोयीविरुद्ध नव्हता. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. तिच्या नावातच त्या डोंगराचे नाव आहे, आणि २००६ साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले. पावसाळ्यात कंदातून वीतभर झाड वर येते, फुलते आणि जाते. ज्याला माहीत नाही त्याचा पाय तिच्यावरच पडतो. त्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात. सरकारने तो संवर्धन राखीव म्हणून जाहीर केला आहे. तिथे श्रावण-भाद्रपदात जितके लोक कमी जातील तितके बरे. माझ्या मुलांना मी तिथे नेणार नाही, आणि नेले तर पाच जणांच्या वर नेणार नाही, पायवाट सोडू देणार नाही.”

“म्हणजे आधी पूजा, मग उडी,” मामा म्हणाले.

हे ऐकताना एक चमत्कारिक गोष्ट माझ्या ध्यानी आली. ही दोन्ही माणसे दुसऱ्याच्या वतनाविषयी उदार होती आणि स्वतःच्या वतनाविषयी कर्मठ. शिलालेखाशी घामाघूम माणूस नको म्हणणारे मामा पठारावर मोटारी सोडावयास तयार होते. लेण्यात मुलांना बागडू द्यावे म्हणणारी भाची कंदीलपुष्पाच्या आसपास पाचवर सहावा मनुष्य येऊ देत नव्हती. सार्वजनिक जीवनातही आपल्याकडे हेच चालते. २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारावयाचे म्हणून तपोवनातील झाडे तोडण्याचा विषय निघाला तेव्हा धर्माची बाजू घेणाऱ्यांना झाडे ही किरकोळ अडचण वाटली, आणि झाडांची बाजू घेणाऱ्यांपैकी काहींना सिंहस्थ हीच अडचण वाटली. ज्या वनात राम राहिला असे सांगून लोकांना बोलवावयाचे, त्या स्थळाचे माहात्म्य ते वन असण्यातच आहे, ही साधी गोष्ट दोन्ही पक्षांतील फार थोड्यांनी मोठ्याने सांगितली. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते सभामंडपात नव्हे.

माझा कौल विचाराल तर तो भाचीकडे आहे. परंतु तिने आरंभी दिलेल्या कारणासाठी नव्हे. मुलांना घरात बसून कंटाळा येतो म्हणून डोंगर आणि संस्कृतीही पाहिली पाहिजे म्हणून देऊळ, अशी वाटणी करून दोहोंचा एक दिवस भरणे हा व्यर्थ उद्योग आहे, आणि त्याबाबतीत मामांचे दरखास्तीचे उदाहरण तंतोतंत लागू पडते. जोड घालावी ती अशा ठिकाणी की जेथे चालून गेल्यावाचून पोचता येत नाही आणि पोचल्यावर जाणून घेतल्यावाचून तेथे काही दिसत नाही. त्रिरश्मी असे स्थळ आहे. ब्रह्मगिरीची फेरी तशी आहे. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर तसे आहे, आणि त्याबद्दल मामा-भाचीत अखेर एकमत झाले, याचे श्रेय पक्ष्यांना दिले पाहिजे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी इंग्रज अमदानीत विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा घातला. गाळ साठला, पाणी पसरले, वेत आणि पाणवनस्पती माजल्या, आणि कोणी न बोलाविता पक्षी आले. सालिम अलींनी त्या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले, १९८६ साली तेथे अभयारण्य झाले, आणि २०२० साली ती महाराष्ट्रातील पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून नोंदली गेली. हिवाळ्यात चापडगावच्या बाजूस मनोऱ्यावर उभे राहिले असता थापट्या, तलवार बदक, चक्रवाक आणि जांभळी पाणकोंबडी यांची दाटी दिसते, आणि नदीपात्रातच मध्यमेश्वराचे प्राचीन देऊळ उभे आहे. मामांनी तेथील देऊळ टिपणात घालण्याची तयारी दाखविली. भाचीने दुर्बीण आणण्याचे कबूल केले.

शहरात मात्र चालावे ते संध्याकाळी, घाटावर. नारोशंकराच्या देवळावरील घंटा कोकणच्या पाहुण्यांना अवश्य दाखवावी. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली त्या विजयाची ती खूण. घंटेवर १७२१ हे साल आहे, आणि ती मुळात पोर्तुगीजांच्या चर्चमध्ये वाजत असे. समुद्रकाठची घंटा घाट चढून गोदेकाठी येऊन टांगली गेली आहे. तेथून चार पावलांवर दुतोंड्या मारुती नदीपात्रात उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेला, की गळ्याला, यावरून नाशिककर पुराचे मान ठरवितात, आणि २००८, २०१६ व २०१९ च्या पुरांची आठवण अद्याप त्याच मापाने सांगतात. जवळच देवमामलेदार यशवंतराव महाराजांचे मंदिर आहे. सटाण्याचे मामलेदार असताना दुष्काळात सरकारी खजिना रयतेला वाटणारा हा पुरुष. एका महसूल अधिकाऱ्याची पूजा करणारे शहर दुसरे कोठे असेल असे मामांना वाटत नाही, आणि याबाबतीत त्यांच्याशी वाद घालण्याचा प्रयत्न मी कधी केलेला नाही. त्याच मंदिराच्या पटांगणावर वैशाखात वसंत व्याख्यानमाला भरते. मे महिन्याच्या उकाड्यात, उघड्या आभाळाखाली, नदीचा वारा घेत एखादा विषय तास-दीड तास ऐकत बसलेली माणसे पाहिली म्हणजे मोकळी हवा आणि विचार यांची सांगड कशी घालावी, हे समुद्रकाठच्या शहरांनीही येथून शिकण्यास हरकत नाही. पाहुण्यांना त्यासाठी उन्हाळ्यात पुन्हा यावे लागेल, एवढीच अडचण.

टिपण त्या रात्री नव्याने लिहिले गेले. बरीच स्थळे कमी झाली. त्रिरश्मीला सबंध सकाळ मिळाली, रामशेजला एक दिवस, अंजनेरीला केवळ पायथा आणि संग्रहालय. आणि मामांनी स्वतःच्या हस्ताक्षरात “प्रत्येक स्थळी आधी माहिती, नंतर मोकळीक” असा शेरा समासात मारला. भाचीने त्यावर सही केली.

वाचकांना एवढेच सुचवावयाचे की नाशिकला यावयाचे असेल तर पौष-माघात यावे, दिवसाकाठी एकच मोठे स्थळ ठरवावे, आणि डोंगरावर नेलेली पाण्याची बाटली रिकामी झाल्यावर खाली आणावी. त्रिरश्मीवर दहाव्या लेण्याच्या ओसरीत शिरल्याबरोबर आत जाण्याची घाई करू नये. बत्तीस हजार माडांचा तो लेख मागील भिंतीवर छताला लागून लांब ओळींत कोरलेला आहे, आणि बहुतेक मंडळी मान वर न करता त्याच्याखालून आत जातात.